पुंगळी आणि पावडर: रीलोडिंगला सुरुवात करताना काय घ्यायचं, काय टाळायचं

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी बरेच जण आता रेंजवर नियमित जातात, काही जण हरणाच्या शिकारीलाही जातात. काडतुसांचा खर्च वाढू लागला की प्रत्येकाच्या मनात रीलोडिंगचा, म्हणजे वापरलेलं काडतूस घरीच पुन्हा भरण्याचा, विचार येतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. प्रेस (काडतूस भरायचं हातयंत्र) कुठला घ्यावा यावर लोक महिनोन्‌महिने वाद घालतात, पण नवशिक्याचं नुकसान प्रेसमुळे क्वचितच होतं. ते होतं चुकीची पुंगळी आणि चुकीची पावडर यांमुळे, म्हणून इथे भर त्या दोघांवर आहे.

आधी शब्द. आपण सरसकट सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो, त्यातून पुढे घोटाळे होतात. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा जोड: पितळी पुंगळी (केस किंवा ब्रास), बुडातला प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), आतली पावडर आणि पुढची बुलेट. यातली पुंगळीच तेवढी परत वापरता येते, बाकी तिन्ही दर वेळी नवीन.

१. सर्वांत आधी कायदा

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर इथे थांबा. अमेरिकेच्या फेडरल कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘दारूगोळा’ म्हणजे नुसतं तयार काडतूस नव्हे. रिकामी पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर या सुट्या वस्तूही त्यातच मोडतात. अपवाद मोजके आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या राज्याचं वैध हंटिंग लायसन्स. तेव्हा “मी बंदूक कुठे घेतोय, नुसती पावडर घेतोय” हा बचाव चालणार नाही. आपल्या बाबतीत अपवाद लागू होतो का, हे वकिलाला विचारल्याशिवाय एक डबाही विकत घेऊ नका. ग्रीन कार्डधारकांना ही व्हिसाची आडकाठी नाही.

राज्यांचे नियम वेगळे. मॅसॅच्युसेट्समध्ये पावडर आणि प्रायमर घ्यायलाही लायसन्स लागतं. स्वतःच्या वापरापुरतं रीलोडिंग करायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण भरलेली काडतुसं धंदा म्हणून विकायची तर उत्पादकाचं लायसन्स लागतं.

भारतात चित्र अगदी वेगळं आहे. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते, आणि लायसन्सशिवाय तो बनवणं गुन्हा आहे. सुट्टीला पुण्या-मुंबईला जाताना भाच्याला दाखवायला म्हणून दोन रिकाम्या पुंगळ्या बॅगेत टाकू नका. रेंजवर वापरलेली बॅग प्रवासाला घेणार असाल तर तिचे सगळे कप्पे उलटे करून झटका.

२. एकच काडतूस ठरवा

घरात तीन बंदुका असल्या तरी सुरुवात एकाच काडतुसाने करा. बोल्ट अॅक्शन रायफल असेल तर .३०८ विंचेस्टर शिकायला उत्तम: पुंगळ्या मुबलक, पावडरचे पर्याय भरपूर, छापील डेटा विपुल. रिव्हॉल्व्हर असेल तर .३८ स्पेशल. ९ मिमी लोकप्रिय आहे, पण ती पुंगळी इतकी लहान आहे की बुलेट किंचित जास्त खोल बसली तरी दाब झपाट्याने वाढतो. शिवाय बाजारात ती तयारच स्वस्त मिळते, त्यामुळे बचतही फारशी होत नाही. ती नंतर घ्या.

पुढची उदाहरणं मुख्यतः .३०८ची आहेत.

३. हे सामान लागेल

- सिंगल स्टेज प्रेस, .३०८चा डाय सेट (पुंगळी मापात आणायचे, म्हणजे साइझिंगचे, आणि बुलेट बसवायचे साचे) आणि त्याला बसणारा शेल होल्डर
- वजनकाटा आणि सोबत चेक वेट, म्हणजे काटा तपासायचं ठराविक वजन (हे वगळू नका)
- पावडर मेझर, नरसाळं, ५० भोकांचा लोडिंग ब्लॉक
- ०.००१ इंचापर्यंत मोजणारा कॅलिपर, केस गेज
- केस ट्रिमर, तोंडाच्या कडा साफ करायचं चॅम्फर-डीबर टूल, केस ल्यूब
- टम्बलर
- हातोडीसारखा बुलेट पुलर (चुका उलगडण्यासाठी, आणि चुका होतात)
- सेफ्टी गॉगल
- बुलेट बनवणाऱ्या कंपनीचं चालू आवृत्तीचं लोडिंग मॅन्युअल. पावडर कंपन्यांचा डेटा त्यांच्या साइटवर फुकट असतो. दोन्ही हाताशी हवेत.

४. पुंगळी कुठून आणावी

आपल्या प्रेशर कुकरच्या रिंगचं जे काम, तेच चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत) पुंगळीचं. बार उडाला की पितळ क्षणभर फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरला की किंचित आकसतं, म्हणून पुंगळी बाहेर निघते. .३०८मध्ये हा दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जाऊ शकतो, आणि तुमचा चेहरा बोल्टच्या मागे काही इंचांवर असतो. तेव्हा पुंगळीत काटकसर नको.

सुरुवातीला एकाच कंपनीच्या, एकाच लॉटच्या १०० नव्या पुंगळ्या घ्या. किंवा एकाच ब्रँडची काडतुसं स्वतःच्या रायफलमधून उडवून त्यांच्या पुंगळ्या ठेवा. दुसरा मार्ग स्वस्तही आहे आणि त्या पुंगळ्यांचा इतिहास तुम्हाला पूर्ण माहीत असतो. नव्या पुंगळ्यांचीही तोंडं वाहतुकीत चेपलेली असतात, त्यामुळे त्या एकदा डायमधून काढून, तोंडाच्या कडा साफ करूनच भराव्यात.

रेंजवर पडलेल्या पुंगळ्या उचलण्याचा मोह होतो. आधी रेंजवाल्याला विचारा, कारण काही ठिकाणी पडलेलं ब्रास रेंजचं असतं. आणि उचललंत तर बुडावरचा हेडस्टॅम्प वाचून ढीग वेगळे करा. ‘एलसी’ आणि पुढे सालाचे आकडे असतील, किंवा वर्तुळात क्रॉस असेल, तर ती लष्करी पुंगळी. तिच्या तीन भानगडी:

पहिली, प्रायमरभोवती क्रिम्प (प्रायमर पक्का धरणारी दाबलेली कड) असतो. तो काढल्याशिवाय नवा प्रायमर सरळ बसत नाही, चेपतो. त्यासाठी स्वेजर किंवा रीमर लागतो.

दुसरी, ७.६२ नाटो पुंगळीच्या भिंती बहुधा जाड असतात. बाहेरून माप तेच, पण आतली जागा कमी. म्हणजे पातळ भिंतीच्या पुंगळीत ठीक असलेली पावडर हिच्यात जास्त दाब देते. ताडून पाहायचं तर दोन्हींची रिकामी पुंगळी काट्यावर ठेवा: जी ठळकपणे जड, तिच्यात पितळ जास्त आणि जागा कमी. पुंगळीचा ब्रँड बदलला की भार (पावडरचं वजन) पुन्हा खालून सुरू करायचा, हा नियम यातूनच आला आहे.

तिसरी, ती मशीनगनमधून उडलेली असू शकते. मशीनगनचं चेंबर सैल असतं, पुंगळी ताणली जाते.

५. एकेक पुंगळी तपासा

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यांत महत्त्वाचंही. चांगल्या उजेडात बसा.

*लोहचुंबक लावा.* पितळी मुलामा दिलेल्या पोलादी पुंगळ्या दिसायला हुबेहूब असतात. चिकटली की बाजूला. अॅल्युमिनियमच्या चिकटत नाहीत, पण रंगावरून कळतात, त्याही टाका.

*आत टॉर्च मारून बुडाकडे पाहा.* मधोमध एकच भोक असेल तर बॉक्सर प्रायमरची पुंगळी, ही आपल्याला हवी. दोन बारीक भोकं असतील तर बर्डन. ती डायमध्ये घातली की डीकॅपिंग पिन (जुना प्रायमर ढकलून काढणारी) वाकते किंवा मोडते.

*प्रायमरचा आकार पाहा.* .३०८ला सहसा लार्ज रायफल प्रायमर लागतो, पण अचूक नेमबाजीसाठी स्मॉल रायफल प्रायमरच्या .३०८ पुंगळ्याही मिळतात. पिस्तुलात .४५ एसीपीची हीच गत. एका ढिगात दोन्ही मिसळले की प्रेसवर बसल्यावरच लक्षात येतं, तेही काहीतरी चेपल्यावर.

*मानेवर आणि खांद्यावर चीर शोधा.* मान म्हणजे बुलेट धरणारा अरुंद भाग, खांदा म्हणजे त्याखालचा उतार. पितळ पुन्हा पुन्हा ताणलं आणि दाबलं की कडक होतं आणि मान तडकते. चीर केसाएवढी असली तरी पुंगळी बाद.

*बुडाच्या वरची रिंग.* यावर जरा वेळ घालवा. बुडापासून साधारण पाऊण ते एक सेंटीमीटरवर, जिथे आतला भरीव भाग संपून भिंत सुरू होते, तिथे बाहेरून एक चकचकीत आडवी रेघ दिसते का? ती दोन कारणांनी येते. साइझिंग डाय जिथपर्यंत पोचतो तिथे एक निरुपद्रवी खूण उमटते. पण तिथेच भिंत आतून ताणून पातळ झाली असेल तरी रेघ दिसते, आणि ती पुंगळी पुढच्या एखाद्या बाराला आडवी तुटून अर्धी चेंबरमध्ये अडकते; वायू मागे फुटतो तो वेगळाच. बाहेरून दोन्ही रेघा सारख्याच भासतात. म्हणून पेपरक्लिप सरळ करा, टोक दोन मिलिमीटर काटकोनात वाकवा, कानशीने टोकदार करा. तार पुंगळीत बुडापर्यंत घाला आणि टोक भिंतीला लावून हळूच वर ओढा. भिंत नीट असेल तर टोक सरकत येतं. चर पडली असेल तर रेघेच्या जागी ते खट्‌कन अडतं. बोटाला ते स्पष्ट कळतं. एकदा कळलं की विसरत नाही. अशी पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात टाका, म्हणजे चुकून ढिगात परत यायची नाही.

हे होतं कशामुळे? बहुतेक वेळा डाय फार खाली बसवल्यामुळे. साइझिंग करताना खांदा गरजेपेक्षा मागे जातो, पुढच्या बाराला पितळ ती पोकळी भरायला पुढे ताणलं जातं, असं तीन-चारदा झालं की चर पडते. बोल्ट रायफलमध्ये उडालेल्या पुंगळीच्या तुलनेत खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे गेला की पुरे. डायच्या पत्रकात “शेल होल्डरला टेकवून आणखी पाव फेरा” असं लिहिलेलं असतं. ते आंधळेपणाने करू नका, मापून बसवा.

साइझिंगनंतर लांबी मोजा. .३०८ची कमाल २.०१५ इंच. त्याच्या वर गेली तर २.००५ला ट्रिम करा. लांबलेल्या पुंगळीचं तोंड चेंबरच्या कडेत अडकून बुलेटला आवळतं आणि दाब चढतो.

६. धुताना

पितळ म्हटलं की आपला हात आपसूक समई-तांब्याच्या पॉलिशकडे जातो. बाटलीवर अमोनियाचा उल्लेख असेल तर ते पुंगळीला लावू नका. याचा इतिहास थेट हिंदुस्थानातला आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेच्या लक्षात आलं की पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकतात. ऋतूशी जोड दिसली म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव पडलं. खरं कारण १९२१ साली उलगडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळावर बसायचा, आणि पुंगळी घडवताना तिच्यात राहिलेल्या ताणाशी मिळून तिला चिरा पाडायचा. काडतुसाचं पितळ ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं, आणि त्याचा हा स्वभाव आजही तोच आहे.

मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या टरफलाचा भुसा घातलेला टम्बलर दोन-तीन तास चालवला की काम होतं. ओल्या धुलाईत चिमूटभर सायट्रिक अॅसिड चालतं, पण रात्रभर भिजत ठेवू नका. पुंगळी गुलाबी दिसू लागली म्हणजे जस्त निघून गेलं.

टम्बलरच्या धुळीत प्रायमरमधलं शिसं असतं. तो गॅरेजमध्ये किंवा उघड्यावर चालवा, झाकण घरात उघडू नका, मास्क लावा, नंतर हात साबणाने धुवा. स्वयंपाकघरातली चाळण, परात, डिशवॉशर यांना या कामापासून लांब ठेवा. घरात लहान मूल असेल तर याबाबतीत तडजोड नको.

७. पावडर निवडणं

क्रम उलटा करू नका. दुकानात जी मिळाली ती आणून मग “हिच्यात काय भरता येईल” असं शोधणारे फसतात. आधी बुलेट ठरवा, समजा १६८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक). मग त्या वजनाच्या आणि त्या प्रकारच्या बुलेटसाठी मॅन्युअलमध्ये कुठल्या पावडरी दिल्या आहेत ते पाहा, त्यातून तीन नावं कागदावर लिहा आणि मगच दुकानात जा. तीन यासाठी की पहिली हमखास संपलेली असते.

*जळण्याचा वेग.* धूरविरहित पावडर बंद जागेत किती वेगाने जळते यावर सगळं अवलंबून आहे. पिस्तुलाच्या बुल्सआय, टाइटग्रुपसारख्या पावडरी वेगवान; .३०८ला लागणाऱ्या मध्यम. मोठ्या मॅग्नम काडतुसांच्या संथ. पिस्तुलाची वेगवान पावडर रायफलच्या पुंगळीत भरून गेली तर रायफल फुटते. यात ‘थोडं चुकलं’ असा प्रकार नाही.

.३०८साठी नवशिक्याने पाहावीत अशी नावं: व्हार्गेट, आयएमआर ४०६४, एच४८९५. तिन्हींचा डेटा विपुल आहे आणि तिन्ही पुंगळी बऱ्यापैकी भरतात. एच४८९५चा आणखी एक गुण असा की हॉजडन कंपनी जिथे ही पावडर देते, तिथे कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली यायला ती स्वतःच मुभा देते. हलका धक्का हवा असेल तर उपयोगी. हा नियम दुसऱ्या कुठल्याही पावडरीला लावू नका. एच११०सारख्या काही पावडरींत भार कमी करणंच धोक्याचं असतं.

*नावांचा सापळा.* एच४८९५ आणि आयएमआर ४८९५ या दोन वेगळ्या पावडरी आहेत, आकडा एक असला तरी डेटा वेगळा. एच४३५० आणि आयएमआर ४३५०चं तेच. उलट डब्ल्यू२३१ आणि एचपी-३८ नावं निराळी, माल एकच. ऑस्ट्रेलियातल्या वाचकांसाठी: व्हार्गेट तिथे एआर२२०८ म्हणून मिळते आणि एच४८९५ म्हणजे एआर२२०६एच. शेवटचा ‘एच’ गाळू नका. नुसती एआर२२०६ ही वेगळी पावडर होती. डब्यावरचं नाव आणि पुस्तकातलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

*दाण्याचा आकार.* बॉल पावडर खसखशीसारखी, मेझरमधून एकसारखी पडते. काडीची पावडर, विशेषतः आयएमआर ४०६४, मेझरमध्ये कचकच करत कापली जाते आणि भार वर-खाली होतो. ती वापरायची तर थोडी कमी टाका आणि उरलेली ट्रिकलरने (दाणा दाणा पाडणारी नळी) काट्यावर पूर्ण करा. महिन्याला ५० काडतुसं भरणाऱ्याला याची अडचण नाही.

*तापमान.* काही पावडरींचा दाब उन्हात वाढतो. मिनेसोटाच्या जानेवारीत जुळवलेला कमाल भार टेक्ससच्या जुलैत, तापलेल्या गाडीतून काढून उडवला तर बोल्ट जड जाऊ शकतो. व्हार्गेट आणि एच४८९५ या बाबतीत स्थिर मानल्या जातात.

*पुंगळी किती भरते.* .३८ स्पेशलवाल्यांनी हे डोक्यात कोरून ठेवावं. ती पुंगळी मुळात काळ्या दारूसाठी आखलेली, म्हणून आत जागा प्रशस्त. वेगवान पावडरचा भार तळाशी कुठेतरी असतो. दोनदा पडला तरी पुंगळी ओसंडत नाही आणि वरून कळत नाही. एका भारातच अर्ध्याहून जास्त पुंगळी भरेल अशी फुगीर पावडर निवडा, म्हणजे दुसऱ्यांदा टाकली तर ती सांडेल.

*विकत घेताना.* पहिला डबा १ पौंडाचा घ्या. १ पौंड म्हणजे ७,००० ग्रेन. .३०८ला दर बाराला साधारण ४२ ग्रेन धरले तर १६० च्या आसपास काडतुसं होतात. (हा हिशेब खरेदीपुरता, भाराचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यायचा.) ऑनलाइन मागवल्यास घातक मालाचा वेगळा आकार लागतो, त्यामुळे एका डब्यासाठी जवळचं दुकानच परवडतं. सील तुटलेला डबा, जुन्या बाजारातली उघडी पावडर, कुणाच्या गॅरेजमधली बिनलेबलची बरणी: फुकट मिळाली तरी घेऊ नका.

८. काट्यावर ग्रेन की ग्रॅम?

ग्रॅममध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांसाठी ही खास सूचना. १ ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन. डिजिटल काट्याचं एकच बटण दोन्ही एकके बदलतं आणि पडद्यावर ‘जी’ आणि ‘जीएन’ असा एका अक्षराचा फरक असतो. दर वेळी सुरू केल्यावर एकक पाहा, चेक वेट ठेवा, मगच पावडर. काटा आधी १५-२० मिनिटं चालू राहू द्या. पंखा, एसीचा झोत आणि मोबाइल दूर ठेवा. आकडा तरंगायला तेवढं पुरतं.

९. साठवण

पावडर कंपनीच्या मूळ डब्यातच राहू द्या. तो डबा आग लागली तर दाब न साठता फाटावा असा मुद्दाम कमकुवत बनवलेला असतो. काचेच्या बरणीत किंवा लोखंडी पेटीत घट्ट बंद केली तर तुम्ही बॉम्ब करून ठेवता. जागा कोरडी, थंड, कुलुपात, वॉटर हीटरपासून लांब. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत पावडर आणि १०,००० प्रायमर ठेवता येतात. तुमच्या गावाची मर्यादा याहून कडक असू शकते.

काम करताना टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मेझर रिकामं करून पावडर त्याच डब्यात परत. रात्रभर मेझरमध्ये राहिली तर सकाळी ती नक्की कुठली हे कुणी शपथेवर सांगू शकत नाही, आणि काही पावडरी मेझरचं प्लास्टिकही खातात. डबा उघडल्यावर आंबूस, झोंबणारा वास आला किंवा लालसर-तपकिरी धूळ दिसली तर पावडर कुजली, वापरू नका.

१०. पहिली बॅच

१०० नव्हे, १५ काडतुसं भरा. पाच मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या भाराची, पाच त्याहून अर्धा ग्रेन वर, पाच एक ग्रेन वर. तिसरा गटही कमालीच्या बराच खाली राहतो ना, ते पुस्तकात पाहून घ्या. पुंगळी, प्रायमर, बुलेट, काडतुसाची एकूण लांबी, सगळं पुस्तकात दिल्याप्रमाणे. स्टँडर्ड प्रायमर लिहिलाय तिथे मॅग्नम घालायचा नाही.

पावडर टाकून झाल्यावर, बुलेट बसवायच्या आधी, लोडिंग ब्लॉक टॉर्चखाली धरा आणि सगळ्या पुंगळ्यांतली पातळी एका नजरेत पाहा. एक जरी उंच किंवा खोल दिसली तरी ती ओतून पुन्हा वजन करा. या वेळी फोन वाजला तर वाजू द्या.

डब्यावर लिहा: तारीख, पुंगळीचा ब्रँड आणि ती कितव्यांदा भरली, पावडर व तिचा लॉट, भार, प्रायमर, बुलेट, लांबी.

रेंजवर खालच्या भारापासून सुरुवात. प्रत्येक बारानंतर पुंगळी हातात घ्या. प्रायमर कडेपर्यंत सपाट झालाय? बुडावर इजेक्टरचा चकचकीत ठसा उमटलाय? बोल्ट उचलायला जोर लागतोय? यातलं एकही दिसलं तर तो गट तिथेच थांबवा आणि उरलेली काडतुसं घरी नेऊन बुलेट पुलरने उघडा. आणि एखादा बार नेहमीच्या दणक्याऐवजी नुसता ‘फट्’ वाजला, तर पुढचं काडतूस चढवू नका. पावडर नसलेल्या पुंगळीत एकटा प्रायमर बुलेटला नळीत ढकलून मध्येच सोडतो, आणि मागून येणारी दुसरी बुलेट तिच्यावर आदळली की नळी फुटते. बंदुकीचं तोंड टार्गेटकडे ठेवून अर्धा मिनिट थांबा, बोल्ट काढा आणि चेंबरकडून नळीत पाहा. पलीकडचा उजेड दिसला नाही तर त्या दिवशीची नेमबाजी संपली; नळीतली बुलेट गनस्मिथकडून काढून घ्या.